वॅक्स मेल्टचा घमघमाट हवा असेल, तर मेण कोणतं घ्यावं

वॅक्स मेल्ट म्हणजे वात नसलेली, सुगंधी मेणाची वडी. ती वॉर्मरच्या वाटीत ठेवायची आणि खालून टीलाइटची (छोट्या चपट्या मेणबत्तीची) किंवा विजेच्या तबकडीची ऊब द्यायची. मेण वितळतं आणि त्यात मुरलेलं सुगंधी तेल हळूहळू हवेत उडतं. मेण जळत नाही, संपतही नाही. वास गेला की वाटीत उरतं ते नुसतं मेण.

एवढं ध्यानात घेतलं तर मेणबत्तीचे निम्मे नियम इथे गळून पडतात. वातीची जाडी, काजळी, ज्योतीची उंची यांचा प्रश्नच नाही. मेणाने काचेला चिकटून राहायचं नाही, उलट साच्यातून टुणकन सुटायचं आहे. तरीही बहुतेक जण काचेच्या ग्लासात ओतायचं मऊ सोया वॅक्सच वड्यांसाठी वापरतात. वास मंद आला की तेल वाढवतात, मग वड्या तेलकट होतात आणि खापर सुगंधी तेलावर फुटतं. खरी चूक बहुतेक वेळा मेण निवडतानाच झालेली असते.

धरणारं मेण आणि सोडणारं मेण

मेणाला दोन उलट कामं करायची असतात. थंड असताना तेल अंगात धरून ठेवायचं आणि गरम झालं की सोडायचं. जे मेण घट्ट धरतं ते सहसा सावकाश सोडतं.

सोया वॅक्स म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं. रासायनिकदृष्ट्या ते तेलतूपच आहे, त्यामुळे सुगंधी तेलाशी त्याचं चांगलं जमतं. ८ ते १० टक्के तेल ते निमूट पोटात घेतं, पण सहज सोडत नाही. वास मऊ येतो आणि बराच वेळ टिकतो. पॅराफिन हे खनिज तेलातून काढलेलं मेण. त्याची तेलाशी जवळीक कमी आणि वितळल्यावर ते पातळही जास्त, म्हणून वास चटकन आणि जोरात सुटतो. पण निव्वळ पॅराफिनमध्ये तेल ५-६ टक्क्यांच्या वर गेलं की वडीच्या अंगावर घामासारखे थेंब दिसू लागतात.

म्हणून घमघमाटाचं उत्तर कुठल्याही एका मेणात नाही, ते दोहोंच्या मिश्रणात आहे. धरायला सोया आणि सोडायला पॅराफिन. ज्यांना पॅराफिन नकोच आहे त्यांच्यासाठीही वाट आहे, ती पुढे येते.

वितळणबिंदू आधी विचारा

दुकानदाराला पहिला प्रश्न ‘मेण नैसर्गिक आहे का’ हा नको. ‘मेल्टिंग पॉइंट किती’ हा विचारा. आपल्याकडे तर हा प्रश्न टाळून चालतच नाही. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. बंद गाडीत किंवा कुरिअरच्या गोदामात त्याहून जास्त तापतं. मेण त्या तापमानाच्या जवळपास वितळणारं असेल, तर वड्यांचा डबा उघडल्यावर आत खीर मिळते.

ग्लासात ओतायचं सोया वॅक्स साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं. आपल्याकडे ऑनलाइन सहज मिळणारं गोल्डन वॅक्स ४६४ याच गटातलं, सुमारे ४६ ते ४९ अंशांचं. ते चांगलं मेण आहे, पण काचेच्या आधाराने उभं राहण्यासाठी घडवलेलं आहे. वडी केली तर बोटांना चिकटते, साच्यातून निघताना कोपरे मोडतात आणि उन्हाळ्यात बसते. सोयाचाच दुसरा प्रकार पिलर म्हणजे उभ्या मेणबत्तीसाठी आणि मेल्टसाठी बनवतात. तो ५० च्या वर वितळतो, आकसतो आणि साचा सोडतो. मागवताना ‘सोया’ एवढंच म्हणालात तर हातात पहिलाच प्रकार पडेल. ‘पिलर किंवा मेल्टसाठीचं सोया’ असं स्पष्ट सांगा.

पॅराफिन आपल्या बाजारात वितळणबिंदूच्याच नावाने विकलं जातं. ‘५८-६०’ म्हणजे ५८ ते ६० अंशांना वितळणारं. भारतातलं बरंच पॅराफिन आसामच्या दिगबोई आणि नुमालीगढच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून येतं आणि लाद्यांच्या रूपात घाऊक बाजारात पोचतं. घेताना ‘फुल्ली रिफाइन्ड’ मागा. कमी शुद्ध केलेल्या मेणात खनिज तेलाचा अंश जास्त राहतो. ते पिवळसर दिसतं, नखाने ओरखडलं तर मऊ लागतं आणि गरम केल्यावर रॉकेलसारखा वास देतं. त्या वासावर मोगरा टाकून काही उपयोग नाही. लादीचा तुकडा नाकाशी धरा: वास आला नाही पाहिजे. एरवी पणत्यांत आणि देवळातल्या स्वस्त मेणबत्त्यांत हलकं मेण चालून जातं, वडीत ते उघडं पडतं.

नारळाचं मेण, म्हणजे कोकोनट वॅक्स, वास छान सोडतं, पण एकट्याने फार मऊ असतं, ४० अंशांच्या आतबाहेरच वितळतं. १० टक्क्यांपर्यंत मिसळलं तर वडी गुळगुळीत होते आणि ऊब कमी असली तरी लवकर वितळते. याहून जास्त नको. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांचं, कणखर, पण त्याला स्वतःचा मधाचा वास असतो आणि तो नाजूक सुगंधांना झाकतो. कडकपणासाठी ५ टक्के पुरे. कोकणात घरी मुठेल असतं, गोव्यात त्यालाच भिरंडेल म्हणतात. कोकमबियांच्या या घट्ट तेलाची वडी करून पाहायचा मोह होतो, कारण हाताला ते मेणासारखंच कडक लागतं. पण तेही ४० अंशांच्या आसपास वितळतं. टाचांच्या भेगांसाठीच ते ठेवा. वनस्पती तूप तर मुळीच नको: ते त्याहून मऊ, आणि खवट होतं.

मिश्रणाची मापं

सगळी मापं वजनाने घ्या. चमचा चालत नाही, कारण एका सुगंधी तेलाचा चमचा ४ ग्रॅम भरतो तर दुसऱ्याचा ५. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवाच. तेलाची टक्केवारी मेणाच्या वजनावर धरली आहे, म्हणजे ८ टक्के म्हणजे १०० ग्रॅम मेणाला ८ ग्रॅम तेल. काही जण एकूण वजनावर मोजतात, तेव्हा ९२ ग्रॅम मेण आणि ८ ग्रॅम तेल होतं. दोन्ही बरोबर आहे, पण एकच पद्धत धरून ठेवा, नाहीतर दोन प्रयोगांची तुलना करता येणार नाही.

पुणे, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी जोरदार वासासाठी इथून सुरुवात करा: ५८-६० चं पॅराफिन ६० ग्रॅम, ग्लासचं मऊ सोया ४० ग्रॅम, सुगंधी तेल ८ ग्रॅम. विदर्भ, खानदेश, मराठवाडा इथल्या उन्हाळ्यासाठी पॅराफिन ७० ग्रॅम, मऊ सोया २५ ग्रॅम, स्टिअरिक अॅसिड ५ ग्रॅम आणि तेल ७ ते ८ ग्रॅम. पॅराफिनशिवाय हवं असेल तर पिलरचं सोया १०० ग्रॅम आणि तेल ९ ते १० ग्रॅम. ते मिळालं नाही तर मऊ सोया ९० ग्रॅम, स्टिअरिक अॅसिड ५, मधमाशीचं मेण ५ आणि तेल ८ ग्रॅम. या शेवटच्या मिश्रणाचा वास पहिल्याइतका धावून येणार नाही, पण घरात जास्त वेळ रेंगाळेल. छोट्या खोलीला बऱ्याचदा तेच बरं.

स्टिअरिक अॅसिड कडकपणा आणि अपारदर्शक पांढरा रंग देतं. ८-१० टक्क्यांच्या वर गेलं तर वडी ठिसूळ होते. व्हायबार नावाचं एक पॉलिमरही मिळतं. ते पॅराफिनची तेल धरण्याची ताकद वाढवतं आणि घाम थांबवतं. अर्धा टक्का पुरे. दोन टक्के टाकलं तर ते तेल इतकं आवळून धरतं की गरम करूनही वास बाहेर येत नाही. एवढीशी पावडर काय करणार असं वाटतं, पण सगळा घाणा बिघडवते.

तेल मेणात विरघळतं का, ते आधी पाहा

हा भाग बहुतेक ठिकाणी सांगितलेलाच नसतो, आणि सर्वात जास्त पैसे इथेच वाया जातात. ‘फ्रेग्रन्स ऑइल’ या नावाखाली बाजारात चार-पाच वेगळ्या वस्तू असतात. मेणबत्तीसाठी बनवलेलं तेल मेणात विरघळतं. डिफ्यूझरच्या पाण्यात टाकायचं तेल पाण्यात मिसळावं म्हणून बनवलेलं असतं, ते मेणात थेंबाथेंबाने वेगळं बसतं. डीपीजी या द्रावकात पातळ केलेलं तेलही तसंच, पॅराफिनमध्ये तर हमखास. अगरबत्तीचं परफ्यूम बहुधा डीईपी या दुसऱ्या द्रावकात पातळ केलेलं असतं. सोयात ते बऱ्यापैकी मिसळतं, पॅराफिनमधून घाम होऊन बाहेर येऊ शकतं, शिवाय त्यात मुळात सुगंधाचा भाग कमी असल्याने ८ ग्रॅम टाकून ८ ग्रॅमचा वास मिळत नाही. कपड्यांवर मारायचा स्प्रे म्हणजे बहुतांश अल्कोहोल: गरम मेणात टाकणं धोक्याचं आणि निरुपयोगी. खरं कनौजी अत्तर चंदनाच्या तेलात धरलेलं असतं. ते वितळवून उडवून टाकायची वस्तू नव्हे.

तपासणी दहा मिनिटांची आहे. जॅमच्या छोट्या स्वच्छ बाटलीत १० ग्रॅम मेण घ्या, बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण ८० अंशांवर आणा, त्यात १ ग्रॅम तेल घालून मिनिटभर ढवळा आणि बाटली त्याच गरम पाण्यात दहा मिनिटं हलवू नका. मेण आरपार स्वच्छ राहिलं तर तेल चालेल. धूसर झालं किंवा तळाशी वेगळे थेंब बसले तर ते तेल परत करा. डीपीजी मेणापेक्षा जड असतं, म्हणून थेंब खालीच दिसतात.

इसेन्शियल तेलं वापरायची असतील तर लिंबू-संत्र्याचा वास पहिल्या अर्ध्या तासात उडून जातो, हे आधी मान्य करा. वाळा आणि चंदन याच्या उलट, त्यांचे घटक जड असतात, मंद ऊब असलेल्या वॉर्मरवर ते जागचे हलत नाहीत. संत्र्याच्या २ भागांना वाळ्याचा १ भाग दिला तर दोघांचं बरं जमतं. व्हॅनिला असलेलं तेल वडी पिवळी-तपकिरी करतं. तो बिघाड नाही, व्हॅनिलिनचा रंग आहे. पांढरी वडीच हवी असेल तर तो वास टाळा.

घाणा करताना

मेण डबल बॉयलरमध्येच वितळवा: मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं स्टीलचं भांडं. थेट गॅसवर नाही. मेणात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, तो तडतडतो. मेणाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. झाकण हाताशी असू द्या.

आधी पॅराफिन आणि स्टिअरिक वितळवा, मग सोया घाला, सगळं ८० ते ८५ अंशांवर आणा. सोया असलेलं मेण ९५ च्या पुढे किंवा तासन्‌तास तापवलं की पिवळं पडतं आणि जुन्या तळणीसारखा वास येतो. भांडं खाली उतरवा, ७५ ते ८० अंशांवर तेल घाला आणि घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं सावकाश ढवळा. जोरात फेटलं तर हवा शिरते आणि वडीवर छिद्रं पडतात. ६० अंशांना घातलेलं तेल नीट एकजीव होत नाही, ९५ ला घातलेल्याचा हलका, फुलांचा भाग स्वयंपाकघरातच उडतो. तेलाच्या बाटलीवरचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते तो आकडाही वाचून ठेवा. तो कमी असलेलं तेल उघड्या ज्योतीजवळ ओतू नये, म्हणून तेल घालण्याआधी गॅस बंद.

सिलिकॉनच्या साच्यात ७० अंशांना ओतलं तरी चालतं. झाकणाच्या पारदर्शक सहा खणी डब्या पीईटी (PET) प्लास्टिकच्या असतात आणि ७० च्या आसपास वाकड्या होतात. त्यांत ६० ते ६५ ला ओता. थर्माकोलचे किंवा पॉलिस्टायरीनचे कप नकोतच, सुगंधी तेल ते खातं. एका खणात साधारण १२ ग्रॅम मेण बसतं.

साचे फ्रिजमध्ये ठेवू नका. पॅराफिनला तडे जातात, आणि पावसाळ्यात बाहेर काढल्याबरोबर वड्यांवर दव धरतं. घरातच, पंख्याखाली न ठेवता, रात्रभर निवू द्या.

यानंतर मुरणं. वडी घट्ट झाली म्हणजे तयार झाली असं नाही. मेणाचे स्फटिक पुढचे काही दिवस बसत असतात आणि तेल त्यात स्थिरावत असतं. निव्वळ पॅराफिनला एक-दोन दिवस, वरच्या मिश्रणाला चार-पाच दिवस, निव्वळ सोयाला दहा ते चौदा दिवस, हवाबंद डब्यात. लोणच्यासारखं आहे हे, दुसऱ्या दिवशी चव बघून निकाल देऊ नये. सोयाचा वास येत नाही या तक्रारींतल्या कितीतरी इथेच सुटतात.

निवड नाकाने करा, पण नियमाने

तीन मिश्रणं, प्रत्येकी १०० ग्रॅम, तेल तेच आणि तितकंच. वड्यांखाली फक्त आकडे लिहा आणि कोणता आकडा कशाचा ते दुसऱ्या कुणाला सांभाळायला द्या. १०×१२ फुटांची खोली, दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, वॉर्मर एकच, १२ ग्रॅमची वडी एक. वॉर्मर लावून बाहेर जा, अर्ध्या तासाने आत या आणि दारातच दहापैकी गुण द्या. मग दोन तासांनी, मग चार तासांनी. खोलीत बसून राहिलात तर नाक सरावतं आणि भरलेल्या घरातही काही जाणवत नाही. एका दिवशी एकच मिश्रण. मधल्या काळात खोली उघडी ठेवून हवा बदला.

याच वेळी वाटीतल्या वितळलेल्या मेणाचं तापमान मोजा. इतकी मेहनत मेणावर घेऊन वॉर्मरकडे दुर्लक्ष केलं तर निकाल फसवा निघतो. ५५ ते ६५ अंश असेल तर वास समान येतो आणि टिकतो. ८० च्या वर असेल तर पहिला तास घमघमाट आणि नंतर शुकशुकाट: टीलाइट आणि वाटी यांच्यात अंतर कमी आहे, वाटी वर उचला. ५० च्या खाली असेल तर पॅराफिन नीट वितळणारच नाही. असा मंद वॉर्मर बदलायचा नसेल, तर मऊ सोयाचं प्रमाण वाढवा आणि ३-४ टक्के नारळाचं मेण घाला. विजेची कापूरदाणी बहुतेक वेळा या कामासाठी फार तापते. मेणातून धूर निघताना दिसला तर ती लगेच बंद करा.

बिघाड वाचायला शिका

थंड वडीला सुरेख वास, गरम केल्यावर काहीच नाही: मेण घट्ट धरून बसलंय. पॅराफिन वाढवा, व्हायबार असेल तर कमी करा, वॉर्मर मोजा. तेल वाढवून हे सुटत नाही. उलट थंड वडीला वासच नाही पण गरम केल्यावर खोली भरते, तर ती वडी उत्तम आहे, विकायची असेल तेवढीच अडचण.

वडीवर थेंब: तेल जास्त झालंय किंवा द्रावक चुकीचा आहे. तेल २ टक्क्यांनी कमी करून तोच घाणा पुन्हा करा. तरीही थेंब आले तर दोष द्रावकाचा.

सोयाच्या वडीवर पांढरी नक्षी, बुरशीसारखी: बुरशी नाही, स्फटिक आहेत. पुसू नका, वासावर काही परिणाम नाही. रंग घातलेल्या वडीत जास्त दिसते, म्हणून सोयात रंग फिकाच ठेवावा.

वडी साच्याला चिकटते: मेण मऊ आहे. ५ टक्के स्टिअरिक. साच्याला तेल लावू नका, पृष्ठभाग खराब होतो.

घरात पक्षी किंवा मांजर असेल तर बंद खोलीत जोरदार वास लावू नका, टी ट्रीचं तेल तर नकोच. बाळ झोपतं त्या खोलीतही नको.

वास संपलेलं मेण बदलायला वॉर्मर बंद करा आणि कोमट, पातळ मेणात कापसाचे दोन-तीन बोळे टाका. ते सगळं शोषून घेतात, मग वाटी कागदाने पुसा. मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका, पुढच्या वळणावर ते घट्ट होऊन पाइप तुंबवतं. मेणाने भिजलेले ते बोळे फेकायची गरज नाही, चूल किंवा शेगडी पेटवायला ठेवून द्या.